‘कुणाला सांगू नका’ म्हणणारा फोन

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर अधूनमधून चार-सहा ओळींची एक बातमी येते. मुलगा किंवा नातू पोलिसांच्या ताब्यात असल्याचा फोन आला, म्हाताऱ्या माणसाने घाबरून पैसे पाठवले आणि संध्याकाळी मुलगा आपल्या खोलीवर सुखरूप असल्याचे कळले, एवढाच तिचा मजकूर असतो. मी अंबाजोगाईत राहणारा सेवानिवृत्त शिक्षक असून परवापरवापर्यंत अशी बातमी वाचून हळहळत पान उलटत असे. गेल्या सोयाबीनच्या हंगामात ती गोष्ट आमच्याच घरात घडली आणि त्या चार ओळींत न मावणारे पुष्कळ काही मला कळले. त्यातले जे इतर घरांच्या उपयोगी पडेल ते सविस्तर लिहीत आहे. पत्र लांबले तर क्षमा असावी.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, बहात्तर वर्षांची असून तालुक्यातल्याच एका खेड्यात मुला-सुनेजवळ राहते. तिचा नातू चाकणला एका कारखान्यात कामाला आहे. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मुलगा आणि सून रानात होते, मुलाचा फोन घरी चार्जिंगला लावलेला होता आणि त्या फोनवर व्हॉट्सॲपचा कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दीतल्या माणसाचे छायाचित्र होते. नंबराची सुरुवात +९२ ने होत होती, म्हणजे तो भारतातला नव्हता, पण हे अक्काला कळण्याचे काही कारण नव्हते. पलीकडचा माणूस अर्धी हिंदी, अर्धी मराठी बोलत म्हणाला की, तुमचा मुलगा तीन मित्रांबरोबर एका मुलीच्या प्रकरणात सापडला आहे, गुन्हा अजून नोंदवलेला नाही, मात्र एकदा नोंदवला की नोकरी गेली आणि जन्माचे वाटोळे झाले. अक्का घाबरून म्हणाली, “साहेब, मुलगा नाही, नातू हाये माझा, लहान हाये वो अजून.” त्या माणसाला जे ठाऊक नव्हते ते तिनेच सांगून टाकले. क्षणभरात त्याने फोन ‘नातवाच्या’ हाती दिला आणि तिकडून हुंदक्यांत बुडालेले “आजी, मला सोडव” एवढेच शब्द ऐकू आले.

घरच्या पेटीत साठ हजार रुपये होते. मोंढ्यावर, म्हणजे धान्यबाजारात, घातलेल्या सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, आदल्याच दिवशी झाली होती आणि त्यातून मजुरी व खताची उधारी भागवायची होती. फोन बंद करायचा नाही, शेजारी कुणाशी बोलायचे नाही, घरातल्या कुणाला कळले तर प्रकरण हाताबाहेर जाईल, असे तो माणूस पुन्हापुन्हा बजावत होता. अक्काला फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत. ती चालू फोन हातात धरून आणि पंचवीस हजार रुपये पदरात बांधून बसथांब्याजवळच्या दुकानात गेली, जिथे गावातले सगळेच लोक पैसे पाठवायला जातात. “नातवाला पाठवायचेत,” एवढेच तिने सांगितले आणि दुकानदाराने नेहमीप्रमाणे रोख घेऊन आपल्या खात्यातून रक्कम पाठवली. वीस मिनिटांनी दुसरी मागणी आली. ठाण्यात पत्रकार येऊन बसले आहेत, त्यांना गप्प करायला चाळीस हजार लागतील. पेटीत पस्तीसच उरले होते, म्हणून तिने दुकानदाराकडे पाच हजार उसने मागितले, आणि ज्या बाईने आयुष्यात कधी दुकानाची चार आणे उधारी ठेवली नाही ती आज उसने का मागते, या एका शंकेने तो थांबला. त्याने मला फोन केला. तो माझा जुना विद्यार्थी आहे.

मी लगेच नातवाचा नंबर लावला. तो बंद होता. कारखान्यात कामाच्या जागी मोबाइल नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे मला माहीत असूनही बंद फोनचा तो आवाज ऐकून काही क्षण माझाही त्या पोलिसाच्या गोष्टीवर विश्वास बसला. सगळ्या आयुष्यात वर्गासमोर उभा राहून इतरांना विचार करायला शिकवलेल्या माणसाचे हे झाले, तर अक्काला बोल लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. शेवटी माझ्या सुनेकडून नातवाच्या खोलीतल्या मित्राचा नंबर मिळाला. त्या मित्राने कंपनीतल्या सुपरवायझरला विचारून मुलगा मशीनवर काम करीत असल्याचे सांगितले. या सगळ्याला चाळीस मिनिटे लागली आणि तेवढा वेळ अक्का दुकानाच्या पायरीवर बसून होती.

अशा प्रकारांविषयी बोलताना हल्ली आवाजाची नक्कल करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव प्रथम घेतले जाते आणि ती भीती निराधार नाही. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जानेवारी २०२३ मध्येच तीन सेकंदांच्या नमुन्यावरून माणसाच्या आवाजाची नक्कल करणारी प्रणाली जाहीर केली होती, आणि आपली मुले तर रोज मिनिटा-मिनिटाच्या चित्रफिती स्टेटसला टाकत असतात. तरीही आमच्या प्रकरणात असे कोणतेही यंत्र वापरले गेले असेल असे मला वाटत नाही, कारण त्याची गरजच नव्हती. रडणाऱ्या तरुण मुलाचा आवाज कोणत्याही रडणाऱ्या तरुण मुलासारखा असतो. बाकीचे काम ऐकणाऱ्याची माया करते. जपानमध्ये २००३-०४ च्या सुमारास हाच प्रकार ‘ओरे ओरे’, म्हणजे ‘मी, मी बोलतोय’, या नावाने फोफावला, तेव्हा आवाजाची नक्कल करणारे हे यंत्र कुणाकडेच नव्हते. “मी बोलतोय, अडचणीत आहे,” एवढे म्हटले की म्हातारे माणूस स्वतःच विचारते, “कोण, बाळ्या का रे?” आणि पलीकडच्याला नाव मिळते. म्हणून माझी पहिली विनंती अगदी साधी आहे. फोनवर रडणाऱ्याला आपण होऊन नाव सांगू नये, नाते सांगू नये आणि गावही सांगू नये. जो खरा आपला असेल तो ते स्वतः सांगेल.

अनेकदा तर त्यांना नाव आधीपासूनच माहीत असते आणि ते कुठून मिळते याचे लोकांना फार गूढ वाटते. माझ्या मते आपणच ते वाटत सुटलो आहोत. आपल्याकडची लग्नपत्रिका पाहावी. आजोबा, चुलते, मामा, आत्या, जावई यांची गावांसह नावे आणि खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ असे लिहून घरातल्या सगळ्या लेकरांची लाडकी नावे. ही पत्रिका पूर्वी हळद-कुंकू लावून हातोहात जात असे, आता ती एका दिवसात शेकडो अनोळखी गटांत फिरते. वाढदिवसाचे फलक, क्लासच्या निकालाच्या जाहिरातींतले छायाचित्र, नाव आणि गाव, हेही त्यातलेच. त्याहून घातक म्हणजे लग्नपत्रिका, वाहनाचे चलन किंवा शेतकरी योजनेची यादी म्हणून येणाऱ्या ज्या फायलींच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते, त्या पत्रिका नसून ॲप असतात. ते ॲप फोनमध्ये बसले की आपले संदेश आणि नंबरांची यादी चोराच्या हाती जाते, आणि मग आपल्याच नात्यातल्या माणसाच्या व्हॉट्सॲपवरून “तातडीने पैसे हवेत, नंतर सांगतो” असे संदेश येऊ लागतात. अशी फाईल उघडू नये, हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः ज्यांचा फोन घरी ठेवलेला असतो त्यांना, समजावून सांगितलेच पाहिजे.

येथे आमच्या पिढीबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण “म्हातारी माणसे भोळी असतात” हे वाक्य मला आता ऐकवत नाही. ज्यांनी तारेचे दिवस पाहिले त्यांना माहीत आहे की दारात तारवाला दिसला की वाचण्याआधीच बायका रडू लागत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा लातूर-धाराशिवकडे दिलेल्या लेकींची खबर मिळावी म्हणून आमच्या भागातली माणसे दिवसदिवस रस्त्यावर उभी होती. वाईट बातमी अचानक येते, तुटक येते आणि बहुधा खरी असते, हे या लोकांनी अनुभवातून शिकलेले आहे. अशा माणसाला “कुणावर विश्वास ठेवू नका” एवढे सांगून भागत नाही, कारण त्याचा विश्वास फोन करणाऱ्यावर नसून आपल्या लेकराच्या संकटावर असतो. संकट खरे की खोटे हे पडताळून पाहण्याची सोय त्याच्या हाताशी आधीच असली पाहिजे आणि ती करून देणे हे आपले, म्हणजे धडधाकट नातेवाइकांचे, काम आहे.

त्यासाठी कायद्याच्या दोन-तीन गोष्टी घरात बोलल्या गेल्या पाहिजेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ नुसार कुणाला अटक केली तर ती माहिती आणि त्याला कोठे ठेवले आहे हे त्याच्या नातेवाइकाला ताबडतोब कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तेव्हा पोलिसांचा खरा फोन येऊ शकतो, हे आधी मान्य केले पाहिजे, कारण “पोलीस कधीच फोन करत नाहीत” असे चुकीचे सांगितले तर खऱ्या प्रसंगी घोटाळा होईल. मात्र खरा फोन करणारा ठाण्याचे नाव सांगतो, तिथे येऊन भेटा म्हणतो आणि घरच्या माणसांपासून लपवा असे म्हणत नाही. अटक झालेल्या माणसाला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते, त्याला वकील भेटू शकतो, आणि जामीन म्हणजे जातमुचलका व जामीनदार यांचा कागदोपत्री व्यवहार असतो. हवालदाराच्या किंवा साहेबाच्या खात्यावर फोनवरून पैसे टाकून कुणी सुटत नाही, आणि जो गुन्हा न नोंदवण्यासाठी पैसे मागतो तो वर्दीतला असो वा नसो, स्वतःच गुन्हा करीत असतो. ‘डिजिटल अटक’ या नावाने व्हिडिओ कॉलवर तासन्‌तास बसवून ठेवण्याचा जो प्रकार निघाला आहे, त्याला कायद्यात कोठेही जागा नाही, असे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्येही सांगितले होते.

अपघाताचा फोनही याच जातीचा. “तुमचा मुलगा दवाखान्यात आहे, डिपॉझिट भरल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत,” असे सांगितले जाते. तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे, आणि रस्ते अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे. दवाखान्याचे नाव विचारावे, त्या दवाखान्याचा नंबर स्वतः शोधून तिथे फोन लावावा, आणि जवळ राहणाऱ्या आपल्या माणसाला तिकडे धाडावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सगळे जाणकार सांगतात की फोन ठेवा आणि आपल्या माणसाच्या नेहमीच्या नंबरावर परत लावा. सल्ला बरोबरच आहे, पण तो आमच्या बाबतीत निकामी ठरला, कारण नंबर बंद होता. मराठवाड्यातल्या किती घरांची हीच स्थिती आहे याचा विचार व्हावा. मुलगा चाकण-रांजणगावला पाळीत असतो, मुलगी पुण्यात अभ्यासिकेत फोन बंद करून बसलेली असते, नातू लातूरला नीटच्या तयारीसाठी राहतो आणि तिथल्या कित्येक वसतिगृहांत मुलांना मोबाइल वापरूच देत नाहीत, काही गावची माणसे ऊसतोडीला गेलेली असतात आणि फडात रेंज नसते. चोराने वेळ मुद्दाम निवडो की न निवडो, सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत आपली लेकरे फोनवर सापडत नाहीत हे त्याच्या पथ्यावरच पडते. म्हणून एक नंबर पुरेसा नाही. बाहेरगावी असलेल्या प्रत्येक लेकरामागे दुसरा आणि तिसरा नंबर घरी असलाच पाहिजे. खोलीतला मित्र, घरमालक, वसतिगृहाचे अधीक्षक, कंपनीचे गेट किंवा सुपरवायझर, यांपैकी जो मिळेल तो. हे नंबर मोबाइलमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण त्या घटकेला मोबाइलवर तोच चोर बोलत असतो आणि फोन ठेवू देत नाही. अक्काच्या घरी आम्ही ते जाड अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून दिनदर्शिकेशेजारी टांगले आहेत, आणि शेजारच्या घरच्या फोनवरून ते लावायचे असे ठरले आहे.

दुसरी तयारी म्हणजे घरची खूण. याला परवलीचा शब्द म्हणा, पण तो इंग्रजी किंवा अवघड नको, कारण भीतीने तो आठवणारच नाही. आमच्याकडे ही खूण नकळत आधीपासूनच होती. अक्काचा नातू तिला ‘आजी’ म्हणतच नाही, जन्मापासून ‘मोठी माय’ म्हणतो, आणि फोनवरचे ते रडणारे पोर तिला ‘आजी’ म्हणत होते. हे अक्काच्या लक्षात रात्री जेवताना आले. तिने घास ताटात ठेवला आणि म्हणाली, “त्यानं मला आजी म्हणलं रे, मला कसं कळलं नाही?” आपल्या भागात माय, बाई, काकी, बापू, आबा, आण्णा, नाना अशी हाक प्रत्येक घरात वेगळी असते आणि ती पत्रिकेत छापलेली नसते. तिच्याकडे लक्ष द्यायला शिकवणे हेच मोठे काम होईल. त्याशिवाय एखादा प्रश्न ठरवून ठेवावा. आपल्या म्हशीचे नाव काय, विहिरीवरचा आंबा कोणत्या जातीचा, मागच्या पोळ्याला बैल कुणाच्या हातून सुटला होता, असे काहीही, जे फक्त घरच्याला माहीत असते आणि फेसबुकवर सापडत नाही. प्रश्न विचारायची वेळ आलीच तर तो विचारताना म्हाताऱ्या माणसाला संकोच वाटू नये म्हणून लेकरांनीच आधी सांगून ठेवावे की, “मोठी माय, मी कितीही रडत असलो तरी आधी मला म्हशीचे नाव विचार, मला राग येणार नाही.” ही परवानगी लेकराच्या तोंडून आली तरच उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

ज्यांच्या घरी म्हातारी माणसे स्वतः यूपीआय वापरतात त्यांनी थोडे आणखी करावे. दैनंदिन मर्यादा बँकेच्या ॲपमधून कमी करून घेता येते. ठेवीचे आणि पेन्शनचे मुख्य खाते यूपीआयला न जोडता चार-पाच हजार रुपये असलेले वेगळे खाते जोडता येते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी’ आणि त्याखाली ‘कॉल्स’ येथे अनोळखी नंबरांचे कॉल गप्प ठेवण्याची सोय आहे. ही एक सोय चालू केली असती तर त्या सकाळी अक्काच्या घरी तो फोन वाजलाही नसता, हे मला आजही खुपते, कारण ती सोय मला माहीत होती आणि भाच्याच्या फोनवर ती करून द्यायला दोन मिनिटे लागली असती.

पण खेड्यात बहुतेक म्हातारी माणसे पैसे स्वतः पाठवत नाहीत, आणि याच कारणाने मला या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा शब्द त्या तिसऱ्या माणसाला सांगायचा आहे, ज्याच्या हातून पैसे जातात. दुकानदार, सेवा केंद्राचा चालक, बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणारा बँकमित्र, बँकेचा रोखपाल किंवा शेजारचा कॉलेजात जाणारा पोरगा. चोराने म्हाताऱ्याला सगळ्या जगापासून तोडलेले असते, तरी हा एक माणूस त्याला तोडता येत नाही, कारण त्याच्यावाचून पैसे जात नाहीत. आमच्या दुकानदाराने पहिल्या वेळीही पडद्यावर पाहिले होते की रक्कम ज्याला जात आहे त्याचे नाव परक्या प्रांतातल्या एका बाईचे आहे. तो मला नंतर म्हणाला, “सर, वाटलं आपल्याला काय करायचं दुसऱ्याच्या घरातलं.” त्याचा हा संकोच सभ्यपणाचाच होता, पण पंचवीस हजार त्या संकोचात गेले. यूपीआयमध्ये पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे बँकेत नोंदलेले नाव दिसते आणि एप्रिल २०२५ पासून एनईएफटी व आरटीजीएस या बँकेतून पैसे पाठवण्याच्या पद्धतींसाठीही नाव पडताळण्याची सोय झाली आहे. पाठवणाऱ्याने ते नाव मोठ्याने वाचून दाखवावे आणि “हे कोण लागतात तुमचे?” एवढेच विचारावे. म्हातारा माणूस सतत चालू फोन हातात धरून आला असेल, घाईत असेल, ओठ कोरडे पडले असतील, तर “मावशी, तो फोन जरा खाली ठेवा, पाणी प्या,” असे म्हणावे. यात कुणाच्या घरात नाक खुपसणे नाही. जपानमध्ये अनेक बँकांनी कित्येक वर्षे एटीएमवरून पैसे न पाठवलेल्या वृद्ध ग्राहकांसाठी एटीएमवरून पैसे पाठवण्याची मर्यादा खाली आणली आणि मोठी रक्कम काढायला आलेल्या वृद्धाला काउंटरवर कारण विचारण्याची पद्धत पाडली. आपल्याकडील ग्रामीण शाखांना आणि त्यांच्या बँकमित्रांना एवढी सूचना लेखी देण्यासाठी कोणताही नवा कायदा लागत नाही.

फसवणूक झाल्यानंतरच्या तासाविषयीही लिहिले पाहिजे, कारण तिथे आम्ही चुकलो. १९३० हा केंद्रीय गृह मंत्रालयाचा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यांतून पुढे जातात त्या बँकांना कळवले जाते आणि मध्ये कुठे रक्कम शिल्लक असेल तर ती अडवली जाते. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या खात्यात काही मिनिटांत पळवले जातात, म्हणून येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. आम्ही मात्र तीन तासांनी फोन केला. निम्मा वेळ “गावात कळले तर लोक काय म्हणतील” यात गेला. उरलेला वेळ दुकानदाराला समजावण्यात गेला, कारण पैसे त्याच्या खात्यातून गेले होते, व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक त्याच्याजवळ होता आणि तक्रार केली तर आपलेच खाते गोठवतील अशी त्याला धास्ती होती. शेवटी त्याने साथ दिली. पंचवीस हजारांपैकी चार हजारांच्या आसपास रक्कम एका खात्यात अडवली गेल्याचे कळले, पण ती अजून हाती आलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केल्यास ग्राहकाला संरक्षण दिले खरे, परंतु आपण स्वतःहून पाठवलेल्या पैशाला त्याचा आधार सहसा मिळत नाही, हेही लोकांनी लक्षात ठेवावे.

ज्या खात्यांतून हे पैसे पळवले जातात ती बऱ्याचदा भाड्याने घेतलेली असतात. पाच-दहा हजार रुपये देतो, तुझे पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दे, असे बेरोजगार पोरांना सांगितले जाते. माझ्या माजी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना मी कळवळून सांगतो की असे खाते देणारा मुलगा आरोपी होतो, आणि त्या खात्यातून कुणातरी अक्काची सोयाबीनची पट्टी गेलेली असते.

संपादक महोदय, अखेरीस आपल्याकडे तीन विनंत्या आहेत. आपल्या जिल्हा पानाच्या वरच्या कोपऱ्यात १९३० हा क्रमांक, “बारा अंकी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून लगेच फोन करा” या ओळीसह, रोज एका चौकटीत छापावा. आपल्या गावोगावच्या वार्ताहरांनी पोलीस पाटील, सरपंच आणि सप्ताहांचे आयोजक यांना गाठून, हरिनाम सप्ताहात कीर्तनाआधीची दहा मिनिटे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांमधला थोडा वेळ याच विषयाला द्यायला सांगावे, कारण म्हातारी माणसे तिथे येतात, कार्यशाळांना येत नाहीत. आणि तिसरी विनंती मथळ्यांची. ‘आजीबाईंना गंडवले’, ‘भोळ्या वृद्धेला चुना’ असे मथळे कृपया देऊ नयेत. असा मथळा अक्काने वाचला नाही, पण तिच्या सुनेने वाचला होता, आणि तक्रार करायची की नाही या आमच्या तीन तासांच्या वादात तो मथळा दोनदा निघाला. फसलेल्या माणसाला नव्हे तर फसवणाऱ्याला आणि त्याच्या पद्धतीला मथळ्यात जागा मिळाली, तर पुढच्या घरात १९३० वर फोन लवकर जाईल.

अक्का या पत्राला तयार झाली, याची नोंद करतो. तिची परवानगी घेतल्याशिवाय मी एक अक्षरही लिहिले नसते. तिने दोनच अटी घातल्या की गावाचे नाव येऊ नये, आणि दुकानदाराबद्दल वाईट लिहू नये, कारण दुसऱ्या वेळी त्यानेच थांबवले.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त शिक्षक
अंबाजोगाई, जि. बीड